थांबून राहण्याचे मोल

आकुर्डी, चिंचवड, भोसरी ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात वेळेला किंमत असते, हे कोणालाही पुस्तकातून शिकवावे लागत नाही. भोंग्याचे, पाळ्यांचे आणि हजेरीच्या कार्डाचे संस्कार येथील घराघरांत रुजलेले आहेत. आकुर्डीच्या बजाज ऑटो कारखान्यातील उत्पादन २००७ मध्ये थांबले. परंतु ठरलेल्या तासांपलीकडे काम घेतले तर त्याचा दर वेगळा, हा त्या पिढीने पुढच्या पिढीला दिलेला धडा पुसला गेलेला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ५९ व्या कलमाने दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपलीकडच्या कामास दुप्पट वेतन ठरवून दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेनेही दुप्पट दराचे तत्त्व कायम ठेवले आणि जादा कामासाठी कामगाराची संमती लागेल, अशी पुस्ती जोडली.

याच पट्ट्यात, याच कामगारांच्या कुटुंबांसाठी राबणारा एक वर्ग मात्र या हिशेबाबाहेर राहिला आहे. सार्वजनिक मानसिक आरोग्य सेवेतील मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवा अधीक्षक, परिचारिका आणि कक्षसेवक यांचा तो वर्ग. ज्यांचे नाव त्या दिवशी ‘कॉलवर’ लिहिले जाते, त्यांची पाळी संपते, पण सुटका होत नाही. फोन उशाशी ठेवावा लागतो, गाव सोडता येत नाही, लग्नकार्याला जाताना परतीचा रस्ता मनात मोजावा लागतो. हाक आली तर धावावे लागते. हाक आली नाही तर रात्र नुसतीच जाते. पहिल्या रात्रीचे काम निदान रुग्णाच्या कागदावर उमटते. दुसऱ्या रात्रीची नोंद कोठेच होत नाही.

म्हणून येथे दोन प्रश्न वेगळे करून पाहिले पाहिजेत. हाकेसाठी तयार थांबण्याचा मोबदला हा पहिला, आणि हाक आल्यावर परत येऊन केलेल्या कामाचा मोबदला हा दुसरा. दोन्हींचा गोंधळ केला, की दोन्ही बुडतात.

कायद्याने दिलेला हक्क

मनोरुग्णांविषयीचा आपला कायदा गेल्या शतकभरात फार बदलला. १९१२ च्या कायद्याचे नावच ‘वेडेपणाचा कायदा’ असे होते. त्याची दृष्टी बंदोबस्ताची होती. १९८७ च्या कायद्याने भाषा सुधारली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र, २९ मे २०१८ पासून, प्रत्येक व्यक्तीला शासनाने चालविलेल्या किंवा शासनाच्या पैशावर चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला. हा नुसता घोषणेपुरता हक्क नाही. त्याला घड्याळ बांधलेले आहे.

निकडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर उपचार सुरू करू शकतो. परंतु ते सामान्यतः ७२ तासांपर्यंत किंवा मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवरच. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णाला पोलिसांनी ताब्यात घेतले, तर २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत नेले पाहिजे. स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णास दाखल करताना दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासले पाहिजे आणि त्यांतील एक मनोविकारतज्ज्ञच असला पाहिजे. रुग्णाला बांधून ठेवण्याची वेळ आलीच, तर तो शेवटचा उपाय असावा आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने त्यास मान्यता दिलेली असावी, असा दंडक आहे.

या तरतुदींचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. रात्री दोन वाजता एखादा तरुण स्वतःच्या जिवावर उठला, तर कायद्याला अपेक्षित असलेला माणूस त्या वेळी उपलब्ध असावा लागतो. तो नसेल तर दोनच पर्याय उरतात: रुग्णाला मान्यतेवाचून बांधून ठेवणे, किंवा त्याला त्याच्या नशिबावर सोडून देणे. पहिल्यात कायदा मोडतो, दुसऱ्यात माणूस. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या झाल्या. देशातील कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. अशा राज्यात रात्री दोन वाजताचा माणूस ही चैनीची वस्तू मानता येणार नाही.

महाराष्ट्रात ठाणे, पुण्याचे येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांतील येरवड्याचे रुग्णालय २,५४० मंजूर खाटांचे, म्हणजे एखाद्या गावाएवढे आहे. आकुर्डीपासून ते वीस किलोमीटरच्या आसपास. जवळ पिंपरीला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची सेवा अहोरात्र मिळते. फोनवर धीर देणारे समुपदेशक पाळीने काम करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु फोनवरचे शब्द जेथे अपुरे पडतात, तेथे प्रत्यक्ष जाणारा किंवा रुग्णाला स्वीकारणारा माणूस स्थानिक यंत्रणेतच शोधावा लागतो. फोनची सेवा जितकी वाढेल, तितकी या माणसाला होणारी हाकही वाढेल.

१९२२ चा वारसा

मग या माणसाच्या थांबून राहण्याला मोल का नाही? त्याचे मूळ शोधू गेल्यास १ जानेवारी १९२२ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या मूलभूत नियमांपर्यंत जावे लागते. त्यांतील अकराव्या नियमाचा आशय असा, की अन्यथा स्पष्ट तरतूद नसेल तर शासकीय सेवकाचा सर्व वेळ त्याला वेतन देणाऱ्या शासनाच्या स्वाधीन असतो आणि योग्य अधिकारी सांगेल त्या रीतीने, जादा मोबदल्याचा हक्क न सांगता, त्याने काम केले पाहिजे. राज्यांच्या सेवा नियमांनीही हाच विचार पुढे चालविला. हे तत्त्व एका साम्राज्याने आपल्या अंमलदारांसाठी घातले होते. त्या अंमलदारास बंगला, शिपाई आणि तालुकाभर रुबाब होता. त्याच्या चोवीस तासांच्या बांधिलकीची किंमत त्याला अन्य मार्गांनी मिळत होती. तो रुबाब गेला, बंगला गेला. चोवीस तासांची बांधिलकी तेवढी कक्षसेवकाच्या आणि परिचारिकेच्या वाट्याला राहिली.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ४३ व्या अनुच्छेदात कामगारांना निर्वाहाचे वेतन आणि त्याबरोबरच फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. फुरसत म्हणजे केवळ काम नसणे नव्हे. जिचा उपयोग माणूस आपल्या मर्जीने करू शकतो, ती फुरसत. ज्या रात्री गाव सोडता येत नाही, ती रात्र कामाची नसेल, पण फुरसतीचीही नाही.

सरकारी रुग्णालय हे सेवेचे मंदिर आहे, तेथे कारखान्याचे कायदे लावू नयेत, हा युक्तिवादही नवा नाही. मुंबईच्या जे. जे. समूहातील रुग्णालयांच्या कक्षसेवकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले, तेव्हा १९६० मध्येच न्यायालयाने शासकीय रुग्णालयाला औद्योगिक विवाद कायद्याखालील ‘उद्योग’ मानले. १९७० मध्ये न्यायालयाने भूमिका बदलली; १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या निवाड्यात पुन्हा व्यापक अर्थ स्वीकारला. या वादाची सुरुवात महाराष्ट्रातील दोन सामान्य कक्षसेवकांच्या नोकरीतून झाली, हे येथे मुद्दाम नमूद करण्यासारखे आहे.

रेल्वेने सोडविलेले गणित

थांबून राहण्याचा हिशेब करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी रेल्वेकडे पाहावे. आडबाजूच्या फाटकावरील माणूस बारा तासांत कदाचित चारदाच फाटक बंद करतो. उरलेला वेळ तो ‘काही करीत नाही’. तथापि तो तेथे नसेल, तर काय होईल हे सांगायला नको. ब्रिटिश अमदानीतच रेल्वेच्या कामाच्या तासांचे नियम झाले. १९४६-४७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. जी. एस. राजाध्यक्ष यांनी लवाद म्हणून त्यांची फेरमांडणी केली. आजच्या १९८९ च्या रेल्वे कायद्यात कामाचे प्रकार केले आहेत: अतिश्रमाचे, अखंड आणि मुळातच खंडित. पहिल्यासाठी आठवड्याला सरासरी ४५ तास, दुसऱ्यासाठी ५४ आणि तिसऱ्यासाठी ७५ तासांची मर्यादा आहे. त्यापलीकडे गेल्यास किमान दुप्पट दर आहे.

या तासांची संख्या आज योग्य आहे की नाही, हा वेगळा वाद. महत्त्वाचे हे, की निष्क्रिय दिसणाऱ्या वेळेला रेल्वेने शून्य मानले नाही. तिचे वजन कमी धरले, पण वजन धरले. अग्निशमन दलाच्या बाबतीत तर सामान्य नागरिकही हे जाणतो. ज्या आठवड्यात आग लागली नाही, त्या आठवड्याचा पगार जवानांनी परत करावा, असे कोणी म्हणत नाही. तयारी हीच तेथील सेवा असते.

युरोपात याच प्रश्नावर न्यायालयांनी पंचवीस वर्षे विचार केला आहे. स्पेनमधील डॉक्टरांच्या प्रकरणात २००० मध्ये आणि जर्मनीतील कील येथील डॉक्टरांच्या प्रकरणात २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने असे ठरविले, की रुग्णालयात राहून हाकेसाठी थांबणे हे कामाच्या वेळेतच मोडते. मग डॉक्टर काही काळ झोपला असला तरी. २०१८ मध्ये बेल्जियममधील एका अग्निशामकाचा खटला आला. त्याला घरी थांबण्याची मुभा होती, पण हाक आल्यावर आठ मिनिटांत ठाण्यावर पोहोचण्याचे बंधन होते. इतके आखडलेले स्वातंत्र्य म्हणजे कामच, असा निर्णय झाला. ब्रिटनमध्ये २००३ च्या करारानुसार वरिष्ठ डॉक्टरांना कॉलवर राहण्याबद्दल मूळ वेतनाच्या १ ते ८ टक्के पुरवणी मिळते. ऑस्ट्रेलियात परिचारिकांच्या वेतननिवाड्यात कॉलवर राहण्याचा भत्ता वेगळा आहे आणि परत बोलावल्यास किमान तीन तासांचे जादा दराने वेतन आहे. काम वीस मिनिटांत आटोपले तरी तीन तास; कारण मोडलेली झोप वीस मिनिटांची नसते.

फुकट वस्तूचा अपव्यय

अर्थशास्त्रात एक साधा नियम आहे. जी वस्तू फुकट मिळते, तिचा अपव्यय होतो. मनुष्याचा वेळ याला अपवाद नाही. थांबून राहण्यास दर नसेल, तर एकाऐवजी तिघांना कॉलवर ठेवण्यात कोणाचेच काही जात नाही. सकाळपर्यंत थांबू शकणारे काम रात्रीच उरकून घेण्यातही काही जात नाही. खर्च होतो तो कर्मचाऱ्याच्या घरी, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. पुढे तो दुसऱ्या रूपाने बाहेर पडतो: राजीनामे, रिक्त पदे, थकवा आणि चिडचिड. मनोरुग्णाच्या वाट्याला येणारी परिचारिका चिडचिडी असेल, तर औषधाची निम्मी किंमत तेथेच वाया जाते.

आकडे मांडून पाहावे. समजा, एका कर्मचाऱ्याचे मासिक वेतन ४८,००० रुपये आणि कामाचे तास २०० आहेत. म्हणजे तासाचा दर २४० रुपये. थांबून राहण्यासाठी त्याचा अष्टमांश, म्हणजे ३० रुपये धरू. बारा तासांच्या रात्रीचे ३६० रुपये आणि तीस रात्रींचे १०,८०० रुपये होतील. परत बोलावल्यास किमान तीन तासांचे दुप्पट वेतन, म्हणजे प्रत्येक बोलावण्याचे १,४४० रुपये. महिन्यात सहा बोलावणी झाली, तर ८,६४० रुपये. एकंदर खर्च १९,४४० रुपये. त्याच रात्री प्रत्यक्ष रात्रपाळी लावायची, तर ३६० तासांसाठी जवळपास दोन माणसे लागतात आणि खर्च ८६,४०० रुपयांवर जातो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, न्याय्य दर देऊनही कॉलची पद्धत शासनाला स्वस्तच पडते. म्हणून तिजोरीचे कारण टिकत नाही. दोन, या उदाहरणात बोलावण्यांची संख्या महिन्याला बावन्नच्या पुढे गेली, म्हणजे रात्रीमागे पावणेदोन झाली, की पूर्ण रात्रपाळीच स्वस्त पडू लागते. दर ठरला की नोंद होते. नोंद झाली की कोठे नवी पदे हवीत, हे कागदच सांगू लागतो. आज ते सांगण्याची सोयच नाही.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप घेतले जातील आणि त्यांचा विचार प्रामाणिकपणे झाला पाहिजे. पहिला आक्षेप सेवाभावाचा. रुग्णसेवेत पैशाची भाषा शोभत नाही, असे म्हटले जाते. सेवाभाव हा मोठा गुण आहे, यात शंका नाही. परंतु तो देणाऱ्याने द्यायचा असतो, घेणाऱ्याने गृहीत धरायचा नसतो. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्य कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा अत्यावश्यक सेवा कायद्याचे विधेयक तातडीने मंजूर झाले. संपाच्या वेळी जी सेवा अत्यावश्यक ठरते, ती मोबदल्याच्या वेळी केवळ सेवाभावाची ठरावी, हे तर्कशास्त्र एकतर्फी आहे.

दुसरा आक्षेप असा, की डॉक्टरांना व्यवसायरोध भत्ता मिळतोच. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने तो मूळ वेतनाच्या २० टक्के ठेवला. पण तो खासगी व्यवसाय न करण्याबद्दल आहे, रात्री जागे राहण्याबद्दल नाही. शिवाय परिचारिका, समाजसेवा अधीक्षक आणि कक्षसेवक यांना तो नाहीच. आणि मनोरुग्णाला रात्री धीर देऊन शांत करणारे हात बहुधा त्यांचेच असतात.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज मानसिक आरोग्याला दिले, तर उद्या प्रसूतिगृहाची परिचारिका, पाणीपुरवठ्याचा कर्मचारी आणि वीज कंपनीचा तारमार्ग कर्मचारीही मागतील. ते मागतील आणि त्यांनी मागणे गैर नाही. परंतु प्रारंभ कोठून करावा, याचे उत्तर कायद्यातच आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यात तासांच्या मुदती घातल्या आणि विशिष्ट तज्ज्ञाची उपस्थिती अपरिहार्य केली. ज्या कायद्याने हे बंधन निर्माण केले, त्याच क्षेत्रात त्याची किंमत प्रथम चुकविणे सुसंगत ठरेल.

चौथी अडचण कंत्राटी कर्मचाऱ्यांची आहे. जिल्हा कार्यक्रमातील बरेचसे कर्मचारी ठोक मानधनावर काम करतात. ‘मानधन’ हा शब्द गोड आहे. त्यात मान किती आणि धन किती, हे घेणाऱ्यालाच ठाऊक. समान कामास समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून थांबून राहण्याचा दर कायम आणि कंत्राटी असा भेद न करता लागू झाला पाहिजे. नाहीतर सगळ्या रात्री कंत्राटी माणसाच्या नावावर लिहिल्या जातील.

करावयाचे काय?

नियम फार मोठा असण्याची गरज नाही. कॉलवर कोण, हे महिन्याच्या आरंभी लेखी जाहीर व्हावे. घरी थांबण्यास वेतनाचा ठराविक अंश आणि रुग्णालयात थांबण्यास पूर्ण वेतन मिळावे. परत बोलावल्यास किमान तीन तासांचे दुप्पट वेतन आणि वाहनखर्च द्यावा. फोनवर दिलेल्या सल्ल्याचीही नोंद व्हावी. रात्री काम झाले असेल, तर पुढची पाळी सुरू होण्यापूर्वी सलग विश्रांती सक्तीची असावी; पैसे देऊन झोप विकत घेण्याची मुभा शासनालाही असू नये. आठवड्यातून किती रात्री कॉलवर ठेवता येईल, यासही मर्यादा हवी.

ही मागणी मांडण्याची वेळही आली आहे. न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने आठवा वेतन आयोग नेमला असून नोव्हेंबर २०२५ पासून अठरा महिन्यांची मुदत त्याला दिली आहे. सातव्या आयोगानंतर राज्याने के. पी. बक्षी समिती नेमली होती. या वेळीही राज्याला आपला विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचे खासगी विधेयक २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. त्याचा हेतू चांगला आहे. पण ज्यांना फोन उचलावाच लागतो, त्यांचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. फोन न उचलण्याचा हक्क ज्यांना देता येत नाही, त्यांना तो उचलण्याचे मोल तरी दिले पाहिजे.

आणखी एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. मानसिक आरोग्य सेवेतील तज्ज्ञांची संख्या, कायदा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी जुळविण्याचा प्रयत्न शासनाने करावा, असे २०१७ च्या कायद्यात लिहिले आहे. ती मुदत मे २०२८ मध्ये संपते. बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना मानसिक विकार असल्याचे आणि निरनिराळ्या विकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले होते. ही दरी भरावयाची, तर शिकलेली मुले-मुली या सेवेत आली पाहिजेत आणि आल्यावर टिकली पाहिजेत. ती जाहिरातींनी टिकत नाहीत. नोकरीच्या अटींनी टिकतात.

कारखान्यातील यंत्र रात्री बंद पडले, तर ते दुरुस्त करण्यास धावणाऱ्या फिटरला दुप्पट दर मिळावा, हे या औद्योगिक पट्ट्याने केव्हाच मान्य केले. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचे मन रात्री बंद पडले, तर धावणाऱ्याला काय मिळावे, एवढाच प्रश्न आता शिल्लक आहे. त्याचे उत्तर १९२२ च्या नियमात शोधण्याचे दिवस संपले आहेत.